बॅटरी उतरली तर

जवळा बाजार,
संक्रांतीनंतरचा आठवडी बाजार

प्रिय राजनंदिनी,

खूप खूप आशीर्वाद. माऊलीरावांना नमस्कार सांग.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. दिवाळीत तुमच्या त्या राहायच्या गाडीच्या पायरीवर बसून तू म्हणाली होतीस, आबा, फोनवर तर रोजच बोलतो, पण तिकडं डोंगरात मला तुमच्या हातचं एक पत्र पाठवा. मी मान हलवली आणि संक्रांत उलटली तरी कागदाला हात लावला नाही. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. सही सोडून काही लिहायचं म्हटलं की वेलांटी पहिली की दुसरी यातच इतका वेळ जातो की सांगायचं तेच विसरतं. चुकलं असेल तिथं समजून घे. पण उशिराचं खरं कारण ते नाही. जे लिहायचं ते लिहू की नको, यातच दिवस गेले.

हे मी घरी बसून लिहीत नाही. उत्तमसिंगच्या बॅटरीच्या दुकानात, मागच्या बाकावर बसून लिहितोय. तुझ्या मायला, माझ्या म्हातारीला, सांगून आलो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी आणतो. घरी लिहिलं तर ती विचारणार काय लिहून राहिले, आणि घरच्या फोनवर बोलावं तर फोन तिच्याच हातात. कानाला ती कधी लावत नाही. तळहातावर भाकरी घेतल्यासारखा धरते आणि स्पीकर सुरू करते, म्हणजे तू तिकडं खोकललीस तरी इकडं गल्लीला कळतं. मला जे सांगायचं ते तिच्या कानावर जाता कामा नये. ते एवढंच आहे. गाडीची बॅटरी उतरली, हिटर बंद पडला, थंडीनं दात वाजायला लागले, तरी मायनं दिलेली ती कोळशाची शेगडी गाडीत आणू नको. थोडा वेळसुद्धा नाही. का ते पुढं सांगतो. एका दमात लिहिणं मला जमणार नाही.

ती गाडी दिवाळीत आपल्या अंगणात उभी राहिली तेव्हा निम्मं हट्टा गाव बघायला आलं होतं, आठवतं ना? शेजारचा ग्यानोबा चाकाला हात लावून म्हणाला, “उकंडराव, नातजावयानं घर तर आणलं, आता याची घरपट्टी कुण्या गावात भरायची?” तुझी माय आत चढली ती पहिल्यांदा देव कुठं ठेवले ते बघत होती. तू काचेच्या दाराचा छोटा कप्पा दाखवलास तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मला मात्र त्या घरात एकच गोष्ट दिसत होती. माऊलीरावांनी बाकाची फळी उचलून खालची बॅटरी दाखवली, छतावरच्या सोलरच्या काळ्या पाट्या दाखवल्या, आणि हिटर लावला. कांडी लाल झाली. आपल्याकडं दिवाळीला काही थंडी नव्हती, तरी सगळ्यांनी हात पुढं केले. मी विचारलं, हा किती वेळ चालतो? माऊलीराव हसून म्हणाले, “आबा, झोप लागेपर्यंत चालतो. पुढं गोधडी आहेच.” सगळे हसले. मला मात्र ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. झोप लागेपर्यंत. आणि त्याच्यानंतर?

निघताना तुझ्या मायनं माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेली लोखंडी शेगडी काढली आणि गाडीत नेऊन ठेवली. “त्या बॅटरीचा काय भरवसा? ही कधी उतरत न्हाई,” म्हणाली. तू वाकून तिच्या पाया पडलीस. मी तुळशीपाशी उभा होतो. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं असं तू म्हणशील. पण बाई, तिच्यासमोर ते बोलता आलं असतं तर आज हा कागद लागला नसता.

तू म्हणतेस आबा घाबरट आहेत. आहेच. माझ्या नावातच भीती आहे. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मी जन्मलो तसा मला उकिरड्यावर ठेवलं, मग उचलून आणलं, आणि उकंडा नाव ठेवलं. टाकलेलं लेकरू कुणी नेत नाही म्हणे. माझ्या आईबापानं भिऊनच मला वाढवलं आणि ती भीती माझ्या अंगात राहिली. तू शाळेच्या सहलीला औंढ्याला गेली होतीस तेव्हा मी सायकलवर एसटीच्या मागं अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. तेव्हा या म्हाताऱ्याला सवय आहे घोर करायची, असं समजून हे पत्र बाजूला टाकू नको. हा घोर वेगळा आहे.

तुम्ही कुल्लूकडं गेल्यावर मला चैन पडेना. मी घरच्या इन्व्हर्टरवर प्रयोग करून बघितला. ग्यानोबाच्या घरून कांडीचा हिटर आणला आणि बाळंतपणाच्या खोलीतल्या बोर्डात लावला. लाईट गेलेलीच होती. तुझी माय इन्व्हर्टरवर टीव्हीवरची मालिका बघत होती, आणि मालिकेत सासू नेमकी काहीतरी कबूल करणार होती. मी बटण दाबलं. इन्व्हर्टर कुत्र्याचं पिलू तुडवल्यासारखा ओरडला आणि घरात काळोख झाला. “काय झालं वो? काय केलं तुमी?” मग दिवा लावून ती आली आणि माझ्या हातातला हिटर बघून म्हणाली, “काहून नुस्तं बॅटरी बॅटरी करून राहिले? इथं काय बर्फ पडून राहिला का?” ती सासू काय बोलली ते तिला अजून कळलेलं नाही. अजून मला बोलते.

दुसऱ्या दिवशी मी उत्तमसिंगकडं आलो. त्याचा बाप शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून द्यायचा तेव्हापासूनची ओळख आहे. तो म्हणाला, “काका, बॅटरी म्हणजे रांजण. दिवा म्हणजे चिमणी. चोच बुडवून उडून जाते, रांजणाला खबरसुद्धा न्हाई. हिटर म्हणजे तहानलेली म्हैस. तोंड घातलं की बूड दिसेपर्यंत सोडत न्हाई.” मी म्हटलं त्यांची बॅटरी भारी आहे, नव्या जातीची आहे. तो म्हणाला, “रांजण मोठा असंल, पर म्हैस तीच हाय ना?” आणि वरून सांगितलं की सोलरवर बर्फ साचला, ऊन पडलं नाही, तर रांजण भरायलाही कुणी नाही. माऊलीरावांना हे सगळं माझ्याहून जास्त कळतं, हे मला माहीत आहे. त्यांनी तर ते हसत सांगितलंच होतं. मला फक्त एवढं कळलं की रोज एक वेळ अशी येणार की हिटर थंड होणार आणि माझी पोटुशी नात त्या पत्र्याच्या डब्यात कुडकुडत जागी होणार. आणि त्या डब्यात शेगडी आहे.

मग तुझा तो फोन आला. तू सांगत होतीस, तीन-चार दिवस ऊनच नाही, बॅटरी भरत नाही, ज्यांच्या बागेत गाडी लावलीय त्या किसनसिंगांनी पोतंभर लाकडी कोळसा आणून दिलाय. आणि सहज म्हणालीस, “माय, काल हिटर बंद पडला, मग तुझी शेगडी थोडा वेळ आत घेतली होती. छान ऊब आली. सकाळी डोकं तेवढं जड होतं.” तुझी माय म्हणाली, “वारं शिरलं असंल कुठून तरी. बाहेर पेटव, धूर गेला की आत घे, आन् फटी बुजव सगळ्या. पोटुशीला वारं बाधतं. दाराखाली गोधडी कोंब.” तू म्हणालीस, “हो माय.” मी मधेच ओरडलो, नको नको म्हणून. तू विचारलंस आबा काय म्हणतात, तर तीच बोलली, “काही न्हाई, त्यांचं आपलं चालूच असतं.” आणि फोन ठेवला. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

परवा मी उत्तमसिंगच्या फोनवरून तुला फोन लावला होता. अनोळखी नंबर म्हणून तू हॅलो, कोण बोलतंय असं विचारलंस, आणि मला तो आवाज तुझ्या आईचाच वाटला. गाडी बरी आहे ना, एवढं विचारून मी ठेवून दिला. मग उत्तमसिंगकडून निरोप लिहून घेतला, की आबा म्हणतात गाडीत कोळसा पेटवू नये. त्यावर तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा पाठवलास आणि लिहिलंस, “आबा, तुम्ही ना! आता मायचं ऐकू का तुमचं?” उत्तमसिंगनं दाखवलं. तुझा दोष नाही. कारण सांगितल्याशिवाय घाबरट माणसाचं कोण ऐकतं? म्हणून कारण सांगतो.

तुझ्या आईबद्दल आम्ही तुला फार सांगितलं नाही. ताप आला आणि गेली, एवढंच तुला माहीत आहे. फोटो एकच आहे, लग्नातला, त्यात ती घाबरलेली दिसते. तशी ती नव्हती. जनका म्हणजे उघड्या दाराचं लेकरू होतं. कडाक्याच्या थंडीतही अंगणात बाज टाकून झोपायची, पांघरूण लाथेनं उडवायची. मी उठून घालायचो, ती परत उडवायची. हळदीच्या दिवसांत शेतात हळद शिजवायची कढई लागली की सगळ्यात पुढं ही, वाफेत तोंड घालून, आणि लगेच धावत जाऊन हौदाच्या पाण्यानं तोंड धुवायची. बाळापूरला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पौषात घरी आली. तू झालीस. भिकाबाई सुईण होती. सगळं सुखरूप झालं. मी गल्लीत गूळ वाटला.

मग आपल्याकडं करतात ते सगळं केलं. तिला कडेच्या खोलीत ठेवलं. बाजेखाली शेगडी, बाभळीचे निखारे, ओवा-शेपाची धुरी. त्या खोलीला एक झरोका होता, त्यात गोधडी कोंबली, कारण बाळंतिणीला वारं लागू नये. तुझी माय या कामात फार जपणारी. कोळसे ती कधी आत पेटवायची नाही. अंगणात पेटवायची, फुंकून फुंकून लाल करायची, धूर पुरता गेला की मगच आत न्यायची. धूर गेला म्हणजे वाईट ते गेलं, असं आपण सगळेच समजतो. दुसऱ्या दिवशी जनका म्हणाली, डोकं दुखून राहिलं, मळमळतंय. आलेल्या बायका म्हणाल्या, वारं लागलं. मग आणखी एक गोधडी आली, दाराला पोतं लागलं, शेगडीत कोळसा वाढला. जितकं डोकं दुखलं तितकी खोली बंद होत गेली.

तिला अजून दूध उतरलं नव्हतं. रात्री तू रडून रडून निळी पडायला लागलीस. भिकाबाईची सून अंगावर पाजत होती, म्हणून भिकाबाई तुला तिच्या घरी घेऊन निघाली आणि तुझी माय सोबत गेली. जाताना तिनं शेगडी भरली, झोपलेल्या लेकीच्या अंगावर शाल नीट केली आणि दार ओढून घेतलं. मी तेव्हा शेतात होतो. गव्हाला पाणी होतं आणि तेव्हाही मोटारीची लाईट रात्रीचीच असायची. उजाडता उजाडता तुझी माय तुला घेऊन परत आली. मी बांधावरून येत होतो तेव्हा तिचा आवाज ऐकला. पुढचं लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लिहायलाच पाहिजे, कारण बाकी सगळं तिच्यावरूनच कळलं. जनकाचे गाल लाल होते. ताप येऊन गेलेल्या माणसासारखे नाही, हळदी-कुंकवाला निघालेल्या बाईसारखे. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, चेहऱ्यावर तेज बघा. मीही तेच धरून बसलो. दुखावर तेवढंच एक पांघरूण होतं.

तुझे वडील पुढं दुसऱ्या संसाराला लागले. त्यांना बोल नाही, वय लहान होतं. तू आमच्याकडं वाढलीस आणि तिला माय म्हणायला लागलीस. पुष्कळ वर्षांनी, तू पुण्याला शिकायला गेलीस त्या सुमाराला, मी याच बाकावर बसलो होतो. एक ट्रकवाला बॅटरी बदलायला थांबला होता. वरच्या थंड मुलखातलं सांगत होता. त्याच्या ओळखीचा ड्रायव्हर आणि क्लीनर, दोघांनी केबिनच्या काचा वर केल्या, घमेल्यात निखारे घेऊन झोपले. सकाळी दार तोडलं. “चाचा, ऐसे सोये थे जैसे शादी का खाना खाके सोये हों,” म्हणाला. “गाल एकदम लाल.” मी त्याला पुन्हा विचारलं, गाल कसे होते म्हणून. पुढं नांदेडला डोळे दाखवायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरला धीर करून विचारलं. त्यानं सांगितलं, कोळशातून एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर संपल्यावरही निघतो, निखारा लाल असतो तोवर निघतो. बंद जागेत साचतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. गाल लाल होतात ते त्यानंच. मी विचारलं, आणि खिडकी उघडी असती तर? तो म्हणाला, “बाबा, कुणाचं झालं होतं?” मी म्हटलं, गावात एकीचं.

आता तुला कळलं असेल. तुझं डोकं जड झालं ते वाऱ्यानं नाही. आणि तुला तर या दिवसांत मळमळतंच, म्हणजे झालं तरी तुला कळायचं नाही. पोटातल्याला तर काहीच सांगता येत नाही. ती शेगडीही तीच आहे, राजनंदिनी. तुझ्या मायच्या आईनं तिला दिलेली. तिच्या लेखी ती शकुनाची आहे, तिनं स्वतःचं बाळंतपण त्याच उबेत काढलं. तेव्हाच्या घराला कुडाच्या भिंती होत्या, जिकडून तिकडून वारा यायचा, हे तिच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आता माऊलीरावांना घेऊन बस आणि हे दोघं वाचा. उत्तमसिंगला मी खोदून खोदून विचारलंय. हिटर बॅटरीवर चालवूच नका. बॅटरी दिव्याला, फोनला ठेवा. किसनसिंगांच्या घरातून जाड वायर ओढून घ्या आणि हिटर त्यांच्या लाईटवर लावा. बिलाचं त्यांच्याशी बोला, संकोच करू नका. आणि विजेची चादर म्हणून मिळते, गादीवर अंथरायची. ती हिटरच्या मानानं थोडकीच वीज पिते, तुमच्या बॅटरीवर रात्र निघते म्हणे. पण पोटुशीला चालते का, ते तिथल्या डॉक्टरीणबाईला विचारल्याशिवाय घेऊ नका. नाहीतर झोपायच्या आधी अंथरूण तापवा आणि बंद करा. रबराच्या पिशवीत गरम पाणी घालून पायाशी घे. स्वयंपाकाचा गॅससुद्धा ऊब म्हणून पेटता ठेवू नका, तोही बंद जागेत तसाच. आणि कितीही गारठा असला तरी एक काच बोटभर उघडी ठेवा. हे सगळं करूनही थंडी आवरली नाही, तर किसनसिंगांच्या ओसरीत जाऊन झोपा. लाज कसली? सगळ्यात बरं म्हणजे लवकर खाली या. तुमचं ते फिरतं घर उन्हाळ्यात पुन्हा वर न्या, मी काही बोलणार नाही. खोटं कशाला बोलू, बोलेन. पण थोडं.

इकडची बातमी म्हणजे तुझ्या मायची तुझ्या बाळंतपणाची तयारी जोरात चालू आहे. डिंक आणला, बाज विणून घेतली, बाभळीचा कोळसा सांगून ठेवला. बाळंतपण वैशाखात, बाहेर पाखरं उन्हानं पडतील, तरी हिची शेगडी आहेच. आणि खोली तीच. त्या खोलीत मी इतकी वर्षं नुसती हळदीची पोती ठेवत आलो. म्हणून मागच्या आठवड्यात मी भिवाजी गवंड्याला बोलावलं आणि दोन भिंतींना समोरासमोर दोन खिडक्या पाडून घेतल्या. तुझी माय कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाळंतिणीच्या खोलीला खिडक्या? म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं? भिवाजी, थांबव रे ते!” मी म्हटलं पोरगी पुण्याची झाली, कूलर लागेल तिला. कूलर म्हटल्यावर ती गप्प बसली, कारण तिला जावयाची लाज. पण मला तिची जात माहीत आहे, ती गोधडी कोंबेल. म्हणून पल्ले बसवलेच नाहीत. नुसती लोखंडी जाळी आहे, खालपासून वरपर्यंत. भिवाजीनं विचारलं, काका, पाऊस आत येईल. मी म्हटलं, येऊ दे.

हे सगळं मी तुझ्या मायला का सांगत नाही, ते शेवटी सांगतो, आणि त्यासाठीच फोन टाळून हे पत्र लिहिलंय. त्या दिवसापासून आजपर्यंत तुझी माय एकच गोष्ट मनाशी धरून जगते. तिला वाटतं, जनका गेली ते तिच्याच चुकीनं. भिकाबाईकडं जायच्या घाईत दाराखालची फट नीट बुजवायची राहिली, तिथून वारं शिरलं आणि लेक गेली. कधीकधी स्वयंपाक करता करता हात थांबतो आणि म्हणते, “तेवढं पोतं नीट सारलं असतं तर.” मी ऐकून घेतो. काय बोलू? ज्या फटीसाठी ती इतकी वर्षं स्वतःला शिव्या देते, तीच फट मोठी असती तर लेक वाचली असती, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? तिनं जे केलं ते मायेनं केलं, प्रत्येक गोधडी मायेनं कोंबली. तिच्या जागी गावातली कुणीही बाई तेच करती. हे तिला कळलं तर ती उभी राहणार नाही. आणि तुला कळलं नाही तर तू तिची माया गाडीत पेटवून झोपशील. तुम्हा दोघींच्या मधे मी उभा आहे, तेव्हा तुला सांगितलं. तिला सांगू नको. मी गेल्यावरही सांगू नको. शेगडी टाकूनही देऊ नको, ती विचारेल. तळाला पोत्याचा तुकडा घाल, त्यावर माती टाक, चार दाणे मेथीचे पेर आणि गाडीच्या काचेशी ठेव. मग घरच्या फोनवर, स्पीकर चालू असतानाच, सांग की माय, तुझ्या शेगडीत मेथी उगवली. ती तुला चांगली झापेल, शेगडीत कुणी मेथी लावतं का म्हणून, आणि मी पलीकडं बसून ऐकेन. उत्तमसिंग आज या पानांचे फोटो तुझ्या फोनवर पाठवतोय, कागद मागाहून पोस्टानं येतील. मेथीला उगवायला वेळ लागेल, तेवढा धीर मला नाही. आज हे वाचलंस की लगेच उत्तमसिंगच्या फोनवर दोन शब्द लिही, की माती घातली. हसणारा चेहरा नको. मी दुकान बंद होईपर्यंत इथंच बसून आहे. लवकर कळव, बाई.

तुझाच,
आबा